सागवानी कठडा

रविवारी लोक मॉलमध्ये जातात; आम्ही दोघं इमारती बघायला जातो. यांनी बांधलेल्या. रहाटणीच्या वाचनालयात बसून पेपर वाचायचा, बाहेरच्या टपरीवर चहा घ्यायचा आणि कोण येतंय, कोण जातंय ते बघत राहायचं. मला याचा कधी कंटाळा आला नाही.

हे म्हणजे आदिनाथ, माझे यजमान. चाकणजवळच्या वाकीच्या शेतकरी घरातले, पण मन लाकडात. गावच्या सुताराकडे हात बसला आणि मग भोसरीतल्या एका फाउंड्रीत नमुने करायला लागले. लोखंड ओतायच्या साच्यासाठी आधी लाकडाचा हुबेहूब नमुना लागतो, ते काम. तिशी ओलांडल्यावर त्यांनी आर्किटेक्चरला प्रवेश घेतला. वर्गातली मुलं त्यांना काका म्हणायची. त्या काळात घर माझ्या पगारावर चाललं. चाकणला गिअर बनवणाऱ्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. परत आलेला पार्ट भिंगाखाली धरायचा आणि तो कापला गेलाय, तुटलाय की झिजलाय ते सांगायचं. म्हणून पुढचं सांगताना मी शब्द जपून वापरतेय.

बंगल्यांची, सोसायट्यांची कामं यांनी कधी घेतली नाहीत. चार लोकांच्या उपयोगाचं बांधायचं, असं ठरवलेलं. पण धास्तीही त्याचीच असायची. फीत कापली जाते, फोटो निघतात आणि मग दाराला कायमचं कुलूप, अशा इमारती त्यांनी पाहिल्या होत्या. प्रत्येक कामाच्या शेवटी ते मला विचारायचे, लोक येतील ना? बाकी सगळं इतरांवर सोपवायचे, जिन्याचा कठडा मात्र सागवानीच हवा आणि तो ते स्वतः घडवणार. आमच्या गच्चीवर सुट्टीभर रंधा चालायचा.

रहाटणीचं वाचनालय उघडलं, त्याच आठवड्यात कठड्याला खळगे दिसले. तळहाताएवढे, उथळ. मी म्हटलं, लाकूड कच्चं निघालं. त्यांनी मान डोलावली, पण ते लाकूड वखारीत त्यांनीच पारखून घेतलं होतं.

कासारवाडीच्या आरोग्य केंद्राच्या वेळी तसं म्हणायची सोय उरली नाही. कठडा बसवून आम्ही त्यावर प्लास्टिक गुंडाळलं होतं. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी आमच्याच हातांनी ते सोडवलं. खाली पुन्हा खळगे. मी पर्समधून भिंग काढलं. हत्यार लागलं की लाकडाचे तंतू तुटतात. इथं तुटले नव्हते, निजले होते. आणि ती चकाकी पॉलिशची नव्हती. घामाची, तेलाची, वर्षानुवर्षं धरल्याची होती. आमच्या घरच्या जात्याचा खुंटा तसा झालाय.

"कुणी केलं असेल?" मी विचारलं.

"केलेलं नाही हे. वापरलंय," ते म्हणाले.

"अहो, अजून दार उघडलेलं नाही."

ते एकेक खळगा चाचपत वर गेले आणि उतरताना त्यांचा चेहरा इतका निवांत होता, की मी पुढं विचारलं नाही.

केंद्र सुरू झाल्यावर यांच्या चुलतीला, कुशाबाईंना, गुडघ्यांसाठी तिथं नेलं. कडबाकुट्टीच्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. पहिल्याच पायरीशी त्यांनी कठड्यावर हात ठेवला आणि थांबल्या. उचलला, पुन्हा ठेवला. मी वाकून पाहिलं. त्या खळग्यात बोटांच्या जागा होत्या, आणि दोन जागी लाकूड तसंच उंच राहिलं होतं.

"मी हितं लई येळा आलेली दिसतीय," त्या म्हणाल्या, आणि हसून चढायला लागल्या.

पुढं त्या दर आठवड्याला जात राहिल्या. गुडघे बरे झाले, तिथल्या बायकांशी गट्टी जमली. त्यांना पहिल्यांदा नेलं, त्या दिवशी जेवताना हे मला म्हणाले, "रोहिणी, माणसं अजून यायची आहेत, पण येणार आहेत. मला आणखी काय पाहिजे?"

मला पटलं असं नाही. पण त्यांचा तो प्रश्न, लोक येतील ना, त्यानंतर मी पुन्हा ऐकला नाही, आणि घरात एक वेगळंच सुख आलं. चिखलीच्या बालवाडीत खालच्या कठड्यावर बोराएवढे खळगे सापडले, तेव्हा आम्ही दोघंही पायरीवर बसून हसत राहिलो. भिंग मी घरी ठेवू लागले.

चाकणचं ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र यंदा पूर्ण झालं. रुंद जिना, जिन्याच्या मध्यावर टेकायला मोठी सपाट चौकी, दोन्ही बाजूंना कठडे, वर गच्चीत बाग. म्हातारे झालो की आपणही इथंच येऊ, असं हे नकाशा काढल्यापासून म्हणत होते.

गेल्या महिन्यात, उद्घाटनाआधी, आम्ही दुपारी गेलो. बाहेर रस्त्यावर शिफ्ट सुटल्यानं बसेसची रांग होती. आत ओल्या रंगाचा वास. कठडे दोन्हीकडे झिजलेले होते. हे डावीकडून चढले, मी उजवीकडून.

पटाशी लागून यांचा डावा अंगठा वाकडा झालाय. तो वाकडा अंगठा लाकडात उमटला होता, इतर कितीतरी हातांमध्ये.

"बघ," ते म्हणाले. "आपण आलोय इथं."

मी हात टेकवला. तळवा नेमका बसला. मनगटाखाली जिथं माझ्या बांगड्या टेकतात, तिथं बारीक रेघा होत्या.

चौकीपर्यंत आम्ही बरोबर चढलो. मग ते गुणगुणत पुढं गेले, हात पाठीमागं बांधून.

मी त्यांच्या, डाव्या बाजूला गेले. वरच्या कठड्यावर इतरांचे हात होते. वाकडा अंगठा कुठंच नव्हता.

खाली वाकून पुन्हा पाहिलं. चौकीपर्यंत होता.

"ये ना," वरून हाक आली. "वारा छान आहे."

मी माझ्या बाजूला येऊन हात ठेवला. इथून पुढं माझा खळगा खोल होत गेला होता, सगळा भार टाकून चढल्यासारखा.

बांगड्यांच्या रेघा मात्र नव्हत्या.