गळ्यातली नंदा

लाइट एवढ्यात येणार नाही, प्रियू. पलीकडे एमआयडीसीत लोखंडाच्या भट्ट्या रात्रंदिवस धगधगतात आणि आमच्या गल्लीत दिवेलागणीलाच अंधार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बस, मेणबत्ती लावते. छकुली बाहेर ओट्यावर खेळतेय, खेळू दे. तिला अंधाराची भीती वाटत नाही.

मामीने फोनवर सगळं सांगितलंय. तुझं जमलं. मुलगा बिजवर आहे, पदरात लहान पोरगा आहे, माणसं चांगली आहेत. फक्त सवतीचा टाक गळ्यात घालणार नाही म्हणून तू हटून बसलीस. मामीला वाटतं, मी दुसरेपणावर दिलेली, तर मीच तुला समजावीन. अगं, टाकाला मी तर तुझ्याहून जास्त हसले होते. काविळीने छकुलीची आई नंदा गेली, वर्षाने मी या घरात आले, आणि लग्नातच सासरच्यांनी तिचा टाक माझ्या मंगळसूत्रात ओवून दिला. नखाएवढा चांदीचा पत्रा आणि त्यावर उमटवलेली बाई. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, मग आपण नेसायची. हळदीकुंकू आधी तिला, मग मला. मी म्हणायचे, सवत असावी तर अशी. भांडत नाही, तंडत नाही, भाकरी मागत नाही.

एकच गोष्ट मला नवलाची वाटायची. आपल्या जालन्याच्या उन्हाळ्यात पितळी तांब्यासुद्धा हाताला चटका देतो. टाक मात्र भर दुपारी गळ्याशी गार लागायचा.

टाकाचं मला ओझं नव्हतं. माझं दुखणं वेगळंच होतं. छकुली मला काकू म्हणायची. तिचं न्हाणंधुणं मी करायची, ताप आला की उशाशी मी बसायची, आणि हाक काय, तर काकू. जीव तुटायचा गं. एकदा तरी आई म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

छकुलीचे पप्पा कामगारांचा टेम्पो चालवतात. मी बियाण्याच्या कंपनीत निवडायला जाते. दिवसभर पोरगी असायची आसरामावशीच्या पाळणाघरात. नाल्यापलीकडे पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढे लिंबाचं झाड. चालवणाऱ्या सगळ्या बाया विधवा. आसरामावशी म्होरकी, मेंढरांमागे आयुष्य काढलेली, काटक बाई. दळण मागून आणायच्या, कुणाच्या शेतातून भाजी आणायच्या, पण पोरांना दोन वेळा गरम घालायच्या. पोरं सगळी पोरकी. कुणाला आई नाही, कुणाला दोघंही नाहीत. आजी-आजोबा सकाळी आणून सोडायचे आणि कामाला जायचे. लोक त्या बायांना देवमाणसं म्हणायचे. मला मात्र फुकट देणाऱ्या माणसाचा आधी संशय येतो. तू ओळखतेसच मला.

संशय सुरू झाला तो वेणीवरून. सकाळी मी छकुलीच्या दोन वेण्या घालून पाठवायची. संध्याकाळी पोरगी यायची ती एक घट्ट वेणी घालून. पेड उलट्या बाजूने वळवलेले, टोक दुमडून आत खोवलेलं, आणि केसांना माक्याच्या तेलाचा वास. माझ्या घरात माक्याचं तेल कधी आलं नाही.

एकदा छकुलीच्या पप्पांनी ती वेणी पाहिली आणि हातातली चपाती ताटात ठेवली.

"कोणी घातली?"

"पाळणाघरात घातली असेल. का हो?"

"नंदा डावरी होती," ते म्हणाले. "अशीच घालायची." मग ते जेवले नाहीत.

मला राग आला. म्हटलं, या बाया मुद्दाम करतात. पोरीला तिची आई विसरू द्यायची नाही, म्हणजे ती मला कधी धरणार नाही. दुसऱ्या दिवशी सरळ जाऊन विचारलं. आसरामावशी तांदूळ पाखडत होती.

"आम्ही वेण्या न्हाई घालत कोणाच्या," ती म्हणाली. "इतकी पोरं, इतक्या उवा. बिलकुल हात लावत न्हाई."

"मग कोण घालतं?"

तिने सूप आपटलं. "पोरगी खुश हाय ना? मंग कामून खोदून राह्यलीस?"

आता सांग, असं उत्तर ऐकून कोण गप्प बसेल? मी एक दिवस कामावरून दुपारीच निघाले. ऊन रणरणत होतं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. पाळणाघराशी आले आणि लांबूनच थबकले. जेवणं उरकून पोरं आत झोपली होती. दार लोटलेलं. आणि सगळ्या बाया बाहेर, लिंबाखाली, दाराकडे पाठ करून ओळीने बसलेल्या. कुणी बोलत नव्हतं. कुणी मागे वळून बघत नव्हतं. एवढीएवढी लेकरं आत एकटी टाकून या बाहेर काय करतात? मला वाटलं, दुधातून काहीतरी देत असतील. खसखस, नाहीतर खोकल्याचं औषध. म्हणून तर एकही पोर रडत नाही.

मी दाराकडे निघाले तशी आसरामावशी आडवी आली.

"ह्या घडीला न्हाई. सवाष्णीनं आत न्हाई जायाचं."

"का?"

"न्हाई म्हंजी न्हाई."

परत निघाले तर नाल्यापर्यंत द्वारकाबाई माझ्यामागे आली. त्यांच्यातली ती जरा मऊ. पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाली, "बाई, तिच्यावर चिडू नका. तिथं… ज्याची त्याची येती. घडीभर पोरापाशी बसती. जाती."

"कोण येती?"

"आई." तिने मागे पाहिलं. "भरल्या कपाळानं गेलेल्या बाया त्या. दुसरीचं कुंकू पाहून बिथरतात. आमच्या कपाळावर काहीच न्हाई, म्हणून आम्हाला काही म्हणत न्हाईत. तरीबी आम्ही पाठ करून बसतो. लेकराजवळ बसलेल्या आईकडं टक लावून पाहू नये."

मी हसले. भुताची गोष्ट सांगून मला लांब ठेवतात, एवढंच माझ्या डोक्यात गेलं. दोन दिवस कसेबसे काढले आणि पुन्हा गेले. या वेळी मागच्या बाजूने, चुलीच्या पडवीतून. तिथे आत जायला एक लहान दार आहे.

त्या दारापाशी मी जे केलं, ते का केलं, हे मला आजही सांगता येत नाही. मानत तर नव्हते. पण समजा खरंच असलं तर, असं मनात आलं. बांगड्या वाजतील म्हणून आधी त्या काढल्या. मग टिकली काढली, पदराने कपाळ पुसलं. मग मंगळसूत्र काढून दाराशेजारच्या खिळ्याला अडकवलं. विधवा असल्याचं सोंग करून गेले मी आत. धनी जिवंत असताना! आणि त्या घाईत एक गोष्ट ध्यानात आली नाही, की टाकही त्याच दोऱ्यात आहे.

आत गारवा होता. डोक्यावर पत्रा तापलेला, पंखा बंद, आणि तरी हिवाळ्यातल्या पहाटेसारखा गारवा. माक्याच्या तेलाचा वास होता, अंगावरच्या दुधाचा होता, ओल्या सुती लुगड्याचा होता. खिडक्यांना गोणपाट लावलेलं, त्यामुळे आधी काही दिसेना. फक्त ऐकू येत होतं. थप… थप… थप. पाठीवर थोपटल्याचा आवाज. एका जागेवरून नाही, सगळ्या खोलीतून.

मग डोळे सरावले. घोंगड्यांवर पोरं झोपली होती, शांत. त्यांची डोकी घोंगडीला टेकलेली नव्हती. मांडीवर डोकं असावं तशी जराशी वर, आणि खाली काहीच नाही. उशी नाही, हात नाही.

छकुली एकटीच बसलेली होती, कोपऱ्यात, माझ्याकडे पाठ करून. तिची मान मागे ओढल्यासारखी. मी सकाळी घातलेल्या वेण्या सुटल्या होत्या. केसांचे तीन पेड झाले होते आणि ते एकमेकांवरून जात होते. सावकाश, सवयीने. डावीकडून.

मला ओरडायचं होतं. मी पदर तोंडात कोंबला.

वेणी अर्ध्यावर थांबली. पेड सुटले आणि पाठीवर पसरले. त्याच क्षणी खोलीतलं सगळं थोपटणं थांबलं. छकुली हळूच वळली. तिच्या डोळ्यांत झोप नव्हती.

"काकू," ती कुजबुजली. "ती भाईर गेली…"

"कोण गं?"

"तू काढून ठिवलं ना… ते घ्यायला."

मी धावत बाहेर आले. मंगळसूत्र खिळ्याला होतं. वाट्या होत्या, काळे मणी होते, दोऱ्याची गाठ जशीच्या तशी होती. टाक नव्हता. दोरा तुटल्याशिवाय त्यातून पत्रा कसा निघेल, सांग. मी खाली पाहिलं, राख उपसली, सरपण हलवलं. आवाज ऐकून बाया मागे आल्या. आणि मी काय केलं ठाऊक आहे? त्यांनाच चोर म्हणाले. द्वारकाबाईने पदर झटकून दाखवला. मला अजून त्याची लाज वाटते.

आसरामावशीचं लक्ष माझ्या कपाळाकडे गेलं. तिने पळत जाऊन देव्हाऱ्यातलं कुंकू आणलं, स्वतः लावलं नाही, माझंच बोट धरून लावायला लावलं. तेव्हा कुठे मला सुचलं, मी कुंकू पुसलं, धन्याला काही झालं तर? फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. त्या रिंगमध्ये मी किती नवस बोलले, मलाच माहीत.

"काय गं?" छकुलीच्या पप्पांचा आवाज आला. "माणसं बसवून राह्यलोय टेम्पोत. जल्दी बोल."

"काही नाही. जेवलात का?"

"जेवलो की. पागल झाली का?"

मी रडले, हसले, दोन्ही एकदम केलं. आसरामावशी हसली नाही. माझ्याजवळ टेकली आणि गुडघ्यांवर हात ठेवून बोलली.

"धन्याला काही होत न्हाई, पोरी. त्याचं भेव मला नव्हतंच. तो तिचा बी धनीच ना? ती कामून धक्का लावंल?"

"मग?"

"टाक गळ्यात होता तवर लेकरापाशी घडीभर बसून ती परत तुझ्या गळ्याशी यायची. भाईर. तिला तिची जागा होती." तिने खिळ्याकडे बोट केलं. "तू जागाच काढून घेतली. आता कुठं जाऊन बसंल… मला सांगता न्हाई यायचं."

संध्याकाळी छकुलीला घेऊन निघाले. नाल्याशी आलो तसा तिने आपणहून माझा हात धरला. वर पाहून म्हणाली, "आई, पाणी पाहिजे."

प्रियू, मी तिथेच मातीत बसले. तिला छातीशी धरलं आणि पोटभर रडले. टाक गेला तर जाऊ दे, सवत गेली तर जाऊ दे, मला माझी हाक मिळाली असं म्हटलं. तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा. त्या सुखात माझ्या हे लक्षातच आलं नाही, की पोरगी माझ्याकडे असं बघत होती, जसं खूप दिवसांनी परत आलेल्या माणसाकडे बघतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची वेणी घालायला बसले. बोलता बोलता घातली. संपली तेव्हा पाहिलं, तर एकच वेणी. घट्ट, पेड डावीकडून वळवलेले, टोक आत खोवलेलं. मी उजवी आहे. दारात छकुलीचे पप्पा चहाचा कप घेऊन उभे होते, ते तसेच बाहेर निघून गेले. आता ते मला हाक मारायची तर आधी जरासे अडखळतात. कोणतं नाव घ्यावं हे ठरवत असल्यासारखे. पोरगी पाळणाघरात आता दुपारी गाढ झोपते आणि मी घातलेली वेणी तशीच घरी येते. द्वारकाबाई म्हणते, छकुलीजवळ आता तिथं कुणी बसत न्हाई. गरजच न्हाई.

मी दुसरा टाक करून घेतला. हा बघ. हात लाव, घाबरू नकोस. गरम आहे ना? साधी चांदी आहे ती, आत कुणी नाही. म्हणून तुला सांगते, ती देतील तो टाक मुकाट्याने घाल, आणि काहीही झालं तरी काढू नकोस. भूत मानत नसशील तर दागिना म्हणून घाल. मेलेल्या बाईला गळ्यात जागा दिलेली परवडते…

ऐक, छकुली हाक मारतेय. अंधारात चेंडू गेला असेल ओट्याखाली.

"आई! ए आई!"

"ओ! आले गं बाळा."

थांब, मेणबत्ती घेऊन जाते. अगं, तू अशी भिंतीला का चिकटलीस? माझ्या तोंडाकडे काय बघतेस एवढी? प्रियू… खरं सांग. आत्ता ओ दिली, तेव्हा माझे ओठ हलले का गं?