बुडालेला आचारी

"तुमची कप्तान बोटीवर असते ना? मग तिच्या अंबाड्यात पेन्सिल कशाला?"

संपादिकाबाईंनी विचारलं एकदाचं! दाराआड तिच्या दोघी मैत्रिणी एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. एक कॉमिकच्या फुग्यांत अक्षरं लिहायची, दुसरी रंग भरायची. हे विचारायची पैज त्यांनीच लावलेली. कारण आमच्या संपादिकाबाईंच्या स्वतःच्या अंबाड्यात बारा महिने तेरा काळ लाल पेन्सिल खोचलेली!

चित्रकार कानापर्यंत तांबडा झाला.

"खटकतंय का? तुम्ही म्हणाल तर... खोडतो."

"नाही, म्हणजे... तसं काही नाही... राहू दे."

दाराआड कोणीतरी फिस्सकन हसलं.

घोटाळा इथेच झाला बघा. आजवर ती कशालाच "राहू दे" म्हणाली नव्हती. फुगा चेहऱ्यावर आला? सरकवा. डाव्या गालावरचा व्रण उजवीकडे गेला? पुन्हा काढा. या चौकटीवरून वाचकाची नजर भलतीकडेच जातेय? सगळं पान मोडा! चित्रकार तिला टरकून असायचे. हा एकटाच पानं घेऊन जातीनं यायचा आणि ती पान उलटत असताना श्वास रोखून बसायचा. त्याचं पहिलंच पुस्तक होतं. ते आपटलं, तर दुसरं कोण छापणार?

त्या दिवसापासून मात्र तिची लाल पेन्सिल अंबाड्यातून खाली उतरेचना. पानापानावर ती कप्तान... तिच्यासारखीच मान तिरकी करणारी, तिच्यासारखीच ओठ चावणारी. हा आपल्याला इतकं बघतो? कधी बघतो?

पुस्तक छपाईला जायच्या दिवशी तिच्या वरच्या मोठ्या संपादिकाबाईंनी तिला हाक मारली.

"अगं, बोटीवरचा हा आचारी वादळात बुडाला ना?"

"हो. बिचारा."

"मग पुढच्या पानावर कांदे कोण चिरतंय? त्याचं भूत?"

तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. छपाई थांबली. ती पानं घेऊन तडक चित्रकाराच्या खोलीवर गेली. शाईचा वास, खिडकीतून येणारा वारा, आणि तो गोंधळून उभा. तिनं कांदे चिरणाऱ्या आचाऱ्यावर बोट ठेवलं.

"चूक माझीच आहे," तो म्हणाला. "तुम्ही पकडता, म्हणून मी बिनधास्त काढतो."

"या वेळी नाही पकडली. मी... पान बघतच नव्हते."

"मग?"

"तू मला कशी काढतोस, तेच बघत होते."

'तू' निसटला तो निसटलाच! तो हळूच हसला.

"मग चांगली काढलीय का?"

"नाक जरा मोठं आहे."

"मोठंच आहे."

"गप्प बस! आणि ऐक. तुझं पुस्तक मी सोडतेय. मोठ्या बाईंकडे देतेय."

"त्यांच्याकडे? त्या माझी सालटी काढतील!"

"काढू देत की. मला आता तुझं सगळंच गोड दिसतं रे. अशा संपादकाच्या हाती पुस्तक दिलंस, तर तू बुडशील."

तो फडक्यानं बोटांवरची शाई पुसू लागला.

"पुस्तक त्यांच्याकडे... आणि मी?"

 तिनं त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि त्याच्या गालावरचा शाईचा डाग पुसला. डाग काही निघाला नाही, आणखीनच पसरला. पण तिला निघायची घाईही नव्हती.

संध्याकाळी घरी आई भाजी निवडत होती, बाबा टेबलाचा डुगडुगणारा पाय ठोकत होते.

"आई, बाबा, तो बोटीवाला चित्रकार आहे ना..."

"ज्याच्यावर तू फोनवर खेकसत असतेस तो?" बाबांनी खालूनच विचारलं.

"तोच. त्याच्यावर आता मोठ्या बाई खेकसणार. मी त्याच्याशी लग्न करणार आहे."