गोळ्यावरची साय

धाकटीला किळस फार लवकर यायची. दुधावर साय धरली की मान वळवून, दोन बोटांत चमचा धरून ती काढायची आणि मग चमचा दोनदा धुवायची. घरात यावरून तिची कायम थट्टा चालायची. आणि नशीब बघा, पोटापाण्यासाठी तिच्या वाट्याला आलं ते काम साय धरवण्याचंच होतं.

मोडक्या खुब्यात बसवायचे सिरॅमिकचे गोळे तिची कंपनी करायची. सिरॅमिक टणक खरं, पण वर एखादी बारीक भेग असली तर भार पडताच ते तिथून तडकतं. म्हणून गोळ्यावरून लेझर फिरवायचा. वरचा पातळ थर क्षणभर वितळतो, भेगा बुजतात आणि निवताना वर घट्ट, गुळगुळीत साय धरते. लेझर किती ताकदीचा, किती वेगाने फिरवायचा, हे आधी कॉम्प्युटरवर सोडवून बघणं, म्हणजे सिम्युलेशन, हे धाकटीचं काम. वेळ वाचावा म्हणून गोळ्याचा पाव भागच सोडवायचा आणि बाकीचा आरशातल्यासारखा भरून घ्यायचा, अशी तिथली रीत होती.

तिची आई खुबा मोडून अंथरुणाला खिळली होती. दिवसा मावशी बघायची, ऑफिसातून आलं की धाकटी. आईच्या पाठीवरच्या चिघळलेल्या जखमा धुवायच्या, मानेवरच्या चामखिळीभोवतीचा घाम टिपायचा. त्या चामखिळीतून एक ताठ केस उगवला होता, त्याला फडकंही लागू नये म्हणून धाकटी जपायची. ओठ घट्ट मिटून सगळं करायची. आईवर तिचा जीव होता, पण आईच्या अंगाची तिला शिसारी यायची, आणि शिसारी येते म्हणून स्वतःचीही यायची. आई चालू लागली की यातून दोघीही सुटणार होत्या. त्यासाठीच तिने खटपट करून नव्या गोळ्याच्या चाचणीत आईचं नाव घातलं होतं.

कदाचित म्हणूनच ती चूक झाली. भोवतालच्या तापमानाच्या रकान्यात यंत्राच्या खोलीचं, पंचवीस अंश, भरायचं होतं. तिच्या डोक्यात आई होती. तिने सदतीस भरलं, माणसाच्या अंगाचं.

उत्तर मात्र इतकं सुरेख आलं की साहेब स्वतः उठून बघायला आले. भेगा नुसत्या बुजल्या नव्हत्या. लेझर पोचायच्या आधीच त्यांच्या कडा एकमेकींकडे सरकल्या होत्या. ते आकडे लेझरवाल्याकडे गेले, गोळे तयार झाले, दाबून पाहिले तरी एकही तडकला नाही. त्यातला एक आईच्या खुब्यात बसला. थोड्याच दिवसांत आई भिंत धरून खिडकीपर्यंत गेली.

"माझं मीच करत जाईन गं आता," आई म्हणाली. धाकटी न्हाणीघरात जाऊन पोटभर रडली.

चूक लक्षात आली ती अहवाल लिहायला घेतल्यावर. जीभ चावून तिने सदतीसचे पंचवीस केले आणि सिम्युलेशन पुन्हा चालवलं. पडद्यावरच्या गोळ्यावर लेझरचा ठिपका फिरू लागला. त्याच्यामागे साय धरायच्या ऐवजी बारीक बारीक पुळ्या उठल्या, पिसं उपटलेल्या कोंबडीच्या कातडीवर असतात तशा. गणितातच काहीतरी घोळ झाला असणार, असं तिने स्वतःला समजावलं. मग चित्र मोठं करून पाहिलं. प्रत्येक पुळीच्या टोकाला एक छिद्र होतं, आणि छिद्राची कड ओलसर होती. तिने मान वळवली.

तेवढ्यात मावशीचा फोन आला. "अगं, तुझ्या आईला एकाएकी हुडहुडी भरलीय. दोन पांघरुणं घातली तरी अंगावरचा काटा जाईना."

असल्या गोष्टींवर धाकटीचा काडीचा विश्वास नव्हता. तरी फोन कानाला तसाच ठेवून तिने रकान्यात पुन्हा सदतीस भरलं. पुळ्या मावळल्या.

"थांबली बाई एकदाची," मावशी म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीनंतर लेझरवाला आला. एरवी दारातूनच टोमणा मारणारा माणूस, आज त्याने आत येऊन फडक्यात गुंडाळलेला गोळा टेबलावर ठेवला. हातमोजे काढले नाहीत.

"त्याच खेपेतला आहे, मॅडम. चिकट झालाय. पुसला की परत चिकट."

"तेलबिल लागलं असेल."

"वास घेऊन बघा."

त्यासाठी वाकायची गरजच पडली नाही. बरेच दिवस बांधलेली पट्टी सोडल्यावर येतो तसला आंबूस, कोंदट वास. हा वास ती रोज संध्याकाळी घ्यायची. तिने पेनाचं टोक गोळ्यावर टेकवलं. खळगा पडला, आणि सावकाश भरून आला.

"फेकून द्या तो," ती म्हणाली.

"तुम्हीच फेका. मी नाही हात लावणार आता त्याला." आणि तो गेला.

सिम्युलेशन पुसूनच टाकावं म्हणून तिचं बोट बटणापर्यंत गेलं. मावशीचं बोलणं आठवलं, आणि बोट मागे आलं. पुसलं तर आईचं काय होईल?

तिने पडद्याकडे पाहिलं.

गोळ्यावर चार गाठी उगवल्या होत्या. पाव भागच सोडवलेला, म्हणून एकीच्या चार. काळपट, सुरकुतलेल्या. प्रत्येकीतून एक ताठ केस.

धाकटी होती तशी उठली आणि घरी धावली.

"रंग बघ कसा उजळलाय तुझ्या आईचा, दुपारपासून!" मावशीने दारातच सांगितलं.

आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. अंगावर ऊन होतं. मानेवर चामखीळ नव्हती. सुरकुत्या नव्हत्या. कातडी धुतलेल्या बशीसारखी पांढरी आणि चकचकीत होती.

"पाठीच्या जखमापण गेल्या बघ," आई म्हणाली. "घामसुद्धा येत नाही."

"आई, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल. तो गोळा काढून टाकू."

"वेड लागलंय का तुला? इतक्या दिवसांनी माझ्या पायाने चालतेय मी."

धाकटीने तिचा हात हातात घेतला. गार, कोरडा. कसलाही वास नाही. आईच्या अंगाला हात लावताना पहिल्यांदाच तिला किळस आली नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली. काल पुसलेल्या त्या घामेजल्या पाठीसाठी तिचा जीव कळवळला.

आईने हात सोडवून घेतला आणि काचेचा पेला उचलला. बोटं पेल्याला लागली. बशीवर बशी टेकावी तसा आवाज झाला.

"थांब, तुला चालूनच दाखवते," म्हणत आईने पेला खाली ठेवला आणि खुर्चीच्या हातावर पंजा टेकला.

"आई, हलू नकोस."

आईच्या मनगटावर केसाएवढी भेग होती. आणि उठण्यासाठी आई त्याच हातावर भार टाकत होती.