शिवलेलं तिकीट

बसच्या तिकिटाला शिलाई मशीनवर टीप मारणारी मुलगी साऱ्या मुलखात एकच झाली, आणि ती नेमकी चौकशीच्या खिडकीपुढे येऊन उभी राहिली.

शिवणकाम हा तिचा धंदा. हातात कातर असली की लांब वस्तू तिला बघवत नसे. जाता-येता मिळून चार गाड्या, असं ते लांबलचक तिकीट पर्समध्ये मावेना, म्हणून तिने त्याचे नीट चार तुकडे केले. मग मागची बारीक अक्षरं वाचली: सुटा तुकडा रद्द. दुसरी कोणी रडत बसली असती. हिने मशीन ओढलं आणि चारही तुकडे जोडून टाकले. धागा कागदाच्या रंगाचा, टोकांना उलटी टीप. घाईत चूक एवढीच झाली, की एक नंबरानंतर तीन आला, मग दोन, मग चार.

पहिल्या कंडक्टरने न बघताच एक नंबर फाडून घेतला. दुसरा मात्र चष्मा लावणारा निघाला.

"ताई, दोन नंबर मधोमध आहे. तो फाडला की तीन आणि चार सुटे. सुटे म्हणजे रद्द. खिडकीवर विचारा. आणि लवकर हं, बारा मिनिटांत गाडी सुटते. माझी गाडी कोणासाठी थांबत नाही. एकदा मीच मागे राहिलो होतो, तरी गेली!"

खिडकीमागे एक तरुण बसला होता, नियमांच्या पुस्तकावर. खुर्ची इतकी बुटकी आणि पुस्तक इतकं जाड, की त्यावर बसल्याशिवाय त्याला बाहेरचं दिसत नसे. आणि नियम बघायचा तर खाली उतरावं लागे.

"हे कोणी शिवलं?"

"मी."

"सुबक आहे."

तिच्या कानाच्या पाळ्या उगाच गरम झाल्या. "सुबक राहू द्या हो! उद्या सकाळी माझ्या मावसबहिणीचं लग्न आहे. नवरीचा पोशाख या खोक्यात आहे. मी पोचले नाही तर ती जुन्या कपड्यात उभी राहील, आणि मावशी मला जन्मभर ऐकवेल."

तो खाली उतरला. खिडकीत नुसते केस दिसू लागले. पानं फडफडली.

"सापडलं!" खालून आवाज आला. "सुटं तिकीट रद्द, जोडलेलं चालेल. कशानं जोडलेलं, ते लिहिलेलंच नाही. उसवा... आणि परत शिवा. मी धरतो."

तिने सुई काढली. खिडकीच्या फटीतून त्याने तिकीट ताणून धरलं. चार बोटं त्याची, चार तिची, मधे वीतभर कागद. ती टाके घालत होती आणि तो तिकिटाकडे बघत... निदान तिकिटाच्या दिशेने बघत होता.

"टोचलं का?"

"छे."

"रक्त येतंय."

"ते... आधीपासूनच असेल."

ती हसली. दोन, तीन, चार अशी ओळ लागली. आणि मग तिला त्याची बाही दिसली. बटणाच्या जागी स्टेपलरची पिन!

"हे काय?"

"बटण तुटलं. ऑफिसात स्टेपलर होता."

"शी! हात इकडे करा."

खोक्याच्या झाकणात तिची सुटी बटणं होती. तिसरा टाका पडतोय तोच भोंगा वाजला आणि कंडक्टरने मान बाहेर काढली. "ताई, तिकीट शिवायचं होतं की साहेब?"

तिने पटकन गाठ मारली आणि खोकं उचललं. दोन पावलं गेली, थबकली.

"परतीलाही इथेच बदलायचं ना?"

"हो. तिसरीतून उतराल... चौथी तासाभराने."

"मग तासभर बसायचं कुठे?"

दिवसाला दोनशे प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या त्या माणसाने डोक्यावरची पाटीच वाचली. "चौकशी... खिडकीवर करावी," तो म्हणाला.

नवरी नव्या पोशाखात उभी राहिली. मावशीने तरीही त्यात एक चुणी शोधून काढलीच. आणि चौथ्या दिवशी दुपारी ही तिसऱ्या गाडीतून उतरली. चौथी आली, गेली. मग त्यानंतरचीही गेली.

"या शेवटच्या तुकड्याची मुदत किती हो?"

तो खाली उतरला. "वर्षभर," केस म्हणाले.

"आणि मी इथे थांबावं, असं... कुठल्या पानावर लिहिलंय?"

फडफड थांबली. मग पुस्तक तिथेच टाकून तो टाचा उंचावून उभा राहिला.

"पुस्तकात नाही. मी म्हणतोय. थांबा."

ती खिडकीला वळसा घालून दारातून थेट आत आली. चार नंबरचा तुकडा तिने त्याच्या शर्टाच्या खिशात सरकवला आणि खिशाचं तोंड पाच टाक्यांनी शिवून टाकलं. टोकाला उलटी टीप. तो श्वास रोखून उभा.

तोच चष्मेवाला कंडक्टर दारात. "अहो ताई, गाडी भरली! आता हे तिकीट फाडायचं कसं?"

"फाडायचं नाही," ती म्हणाली, आणि खिडकीवाल्याच्या छातीशी वाकून दातांनी दोरा तोडला.