रिकामी नळी

नमुने पाठवणाऱ्यांइतकी बेअक्कल जमात मी दुसरी पाहिली नाही. रक्ताने भिजलेला शर्ट ओलाच प्लास्टिकमध्ये कोंबतील, मग तो बुरशीसकट आमच्या लॅबच्या टेबलावर येणार. केस मागितले तर कात्रीने कापून पाठवतील. अहो, डीएनए हवा तर मूळ पाठवा, टोकाशी काय ठेवलंय? पण माझ्या हातात काहीही द्या, मी त्यातून माणूस बाहेर काढतो. रक्त असलं तर पेशी फोडायच्या. हाड किंवा दात असला तर आधी दळून त्यातलं कॅल्शियम विरघळवायचं. केसाचं मूळ पाचक द्रवात गरम ठेवायचं. शेवटी थंडगार अल्कोहोल ओतलं आणि नमुना भरपूर असला, की डीएनएचा पांढरा धागा तरंगत वर येतो. माणसांपेक्षा मला तो धागा बरा वाटतो, निदान बडबड तरी करत नाही.

त्यामुळे घरी एक माणूस येऊन 'मी तुझा दादा' म्हणाला, तेव्हा मला हसूच आलं.

दादा कामावर म्हणून गेला तो गेलाच होता. वर्षं उलटली. आणि हा दारात उभा. नाक-डोळे तेच, कानामागचा तीळही तोच. आईने दार उघडलं, त्याच्या गळ्यात पडली, चौकशी संपली. वहिनीने त्याचे जुने शर्ट काढून इस्त्री केले. दोघींनी अक्कल गहाणच टाकली होती. मी त्याला तोंडावर 'पाहुणे' म्हणायला लागलो.

"अगं, निदान विचार तरी, इतकी वर्षं होता कुठे?" मी आईला म्हटलं.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? तो बघ, पेपर कसा वाचतोय."

दादाला अंगठ्याला थुंकी लावून पानं उलटायची घाणेरडी सवय होती. पाहुणाही अंगठा जिभेला लावत होता. नंतर मी मुद्दाम तोच पेपर चाळला. एकाही कोपऱ्यावर ओला डाग नव्हता. सोंगाड्याने सवय पाठ केली आणि थुंकी विसरला, असं मी स्वतःशी म्हटलं.

पण आईकडे बघून मला धास्ती वाटायची. तिचं हृदय अधू, एक जिना चढली तरी धाप लागायची. हा पुन्हा निघून गेला असता तर ती जगली नसती. तिचा जीव त्याच्यात गुंतायच्या आत त्याला घराबाहेर काढायचं होतं.

नमुने द्यायला पाहुण्याने हूं की चूं केलं नाही. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, ती कोरडीच बाहेर आली.

"घशाला कोरड पडली वाटतं?" मी खवचटपणे विचारलं. तो नुसता हसला.

त्याच्या बोटाचं रक्त घेतलं, मुळासकट केस उपटले. तुलनेसाठी आईच्याही गालाची काडी घेतली. गुदगुल्या होतात म्हणून ती इतकी हसली की काडी चिंब झाली. तिच्या डबीतला दादाचा दुधाचा दात मागितला, तेव्हा मात्र तिचं तोंड उतरलं.

"सगळा दळू नकोस रे. जरासा ठेव."

आम्ही दर वेळी एक नळी रिकामी लावतो. तिच्यात औषधं सगळी घालायची, नमुना मात्र नाही. त्या नळीत काही निघालं तर समजायचं, कुणाचे तरी हात घाण आहेत.

"सर, ही कुठली नळी?" माझ्या मदतनीसाने विचारलं. याला सगळे शंकासुर म्हणतात.

"वाचता येत नाही? रिकामी आहे ती."

"म्हणून तर विचारतोय."

पाहुण्याच्या तिन्ही नळ्या पाण्यासारख्या नितळ होत्या. रिकाम्या नळीत जाड पांढरा धागा तरंगत होता.

"नळ्यांची अदलाबदल केलीस, गाढवा!"

"भरल्या तुम्हीच, सर."

मशीनने धागा वाचला. दुधाच्या दाताशी खूण न् खूण जुळली. रिकाम्या नळीत दादा होता. पाहुण्याच्या रक्तात कुणीच नव्हतं.

"दाताची पूड उडाली असेल," शंकासुर म्हणाला. मूर्ख! चिमूटभर पुडीतून एवढा धागा निघत असता तर आणखी काय हवं होतं?

मी पुन्हा सगळं केलं. उरलेला दात आईच्या डबीत परत ठेवला. नव्या बाटल्या, नवे हातमोजे, वेगळी खोली, आणि शंकासुराला सुट्टी. पाहुण्याचे नमुने ताजे घेतले, वर नखंही कापून आणली.

त्याच्या नळ्या तशाच नितळ.

रिकाम्या नळीत आता दोन माणसं निघाली. एक दादा. दुसरी बाई होती. मी पहिल्या खेपेचे निकाल काढून ताडून पाहिलं.

आई.

मशीनला मी नाही नाही त्या शिव्या घातल्या. मग तडक घर गाठलं.

पाहुणा पेपर वाचत होता. आई खिडकीशी माझा लॅबचा एप्रन मांडीवर घेऊन बसली होती. त्याचं बटण तुटलं होतं.

"आई, बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"भाऊजी, आज आई जिना चढून आल्या," वहिनी आतून म्हणाली. "जराही धाप लागली नाही."

आईने दोऱ्याचं टोक ओठांत धरलं, नीट फिरवलं, सुईशी नेलं. टोक पिंजारलं. तिने पुन्हा ओठांत धरलं. पुन्हा पिंजारलं.

"तू ओव रे. मला काही जमत नाही."

मी दोरा घेतला. नुकताच तिच्या तोंडातून निघालेला. खडखडीत कोरडा.

"जरा ओला कर की," आई म्हणाली.

पेपर खाली झाला. वहिनी दारात येऊन उभी राहिली. तिघंही माझ्याकडे बघत होती. गेला आठवडाभर मी याच घरात, यांच्याच पंगतीला जेवत होतो.

मी दोरा ओठांपर्यंत नेला. पुढे हात जाईना.

"घशाला कोरड पडली वाटतं?" पाहुण्याने विचारलं.