जगली तर भाबीची

राष्ट्राचं सार्वभौमत्व आणि आईचं काळीज, या दोन खांबांवर जगातलं सारं न्यायशास्त्र उभं आहे. १९५५ सालच्या त्या सकाळी जुन्नरच्या, हातानं कागद करणाऱ्यांच्या कागदी मोहल्ल्यात, लगद्याच्या हौदापाशी, या दोन्ही खांबांनी एकमेकांची मानगूट धरली होती आणि त्यांतल्या एकाचे दोन दात पडले होते.

दात अन्सारचे होते. पाडले होते त्याच्या सख्ख्या थोरल्या भावानं, मेहबूबनं. आणि अन्सारनं त्याचा कान कागद कापायच्या सुरीनं अर्धा सोडवला होता. दाराच्या चौकटीला टेकून साबेरा, मेहबूबची बायको, पाच वर्षांच्या ताजबीचे डोळे झाकून उभी होती.

पाच वर्षांपूर्वी अन्सार आणि त्याची बायको नूरजहाँ कराचीला निघाले, तेव्हा ही ताजबी, त्यांची सात महिन्यांची मुलगी, जुलाबानं निपचित पडली होती. बोटीवर ती टिकायची नाही, हे सगळ्यांनाच दिसत होतं. रडून रडून थकलेल्या अन्सारनं घरच्याच कागदावर एक ओळ लिहून भाबीच्या पदरात टाकली : ‘जगली तर भाबीची.’ खाली सही, आणि नूरजहाँचा अंगठा.

आणि ती निर्लज्ज पोर जगली.

जगली म्हणजे, साबेरानं जगवली. नारायणगावच्या दवाखान्यात पुण्याचे एक डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे आणि टेप घेऊन लहान मुलांची डोकी मोजायचे. त्यांचं काही संशोधन चाललं होतं. त्यांनी सांगितलं होतं की माणसाच्या मेंदूचं मोठं काम पहिल्या तीन वर्षांत उरकतं, आजारात ही मागं पडलीय, तेव्हा हिला उराशी धरा आणि हिच्याशी अखंड बोला. साबेराला हे लगेच पटलं. लगदा ओला आहे तोवर जाळीवर बसेल तसा बसतो, वाळल्यावर नाही, हे तिला डॉक्टरांच्याही आधीपासून ठाऊक होतं. मूल नसलेली ती बाई तीन वर्षं त्या पोरीशी बोलत राहिली... सासूच्या कागाळ्या, बाजारातली भांडणं, भेंडीचे भाव, जे सुचेल ते! तिसऱ्या वर्षी टेप एकोणीस इंचांवर थांबली. पोरीनं सगळं भरून काढलं म्हणून डॉक्टरांनी मान डोलावली, आणि साबेरा एस.टी.त घरापर्यंत आनंदानं रडत आली.

आता अन्सार तीस दिवसांचा व्हिसा घेऊन मुलीला न्यायला आला होता. नूरजहाँला पुन्हा मूल झालं नव्हतं. ती रोज संध्याकाळी कराचीच्या बंदरावर जाऊन बसते, असं त्यानं सांगितलं, तेव्हा साबेराला तिचाही राग धड येईना.

मेहबूबनं धर्माजी वकिलांना गाठलं. वकिलांनी दोन दिवस पुस्तकं चाळली आणि सांगितलं की हिंदुस्थान आणि पाकिस्तान यांचं नदीच्या पाण्यापासून कशावरच जुळत नाही, पण चुलतीला पोरीवर काडीचा हक्क नाही, यावर मात्र दोन्हीकडचे कायदे एकदिलानं सहमत आहेत. त्या चिठ्ठीला कुठलंच कोर्ट विचारणार नाही.

हे कुणालाही कळलं असतं. पण मेहबूब कागदी होता. सात पिढ्यांत त्याच्या घराण्यानं लिहिलेल्या मजकुरापेक्षा कागदाची जातच पाहिली होती.

“ह्यो कागुद माज्या हातचा हाय,” चिठ्ठी नाचवत तो म्हणाला. “शंभर वर्सं फाटायचा न्हाई. वकिलाला काय कळतंय?”

आणि गंमत अशी की अन्सारही त्याच घराण्यातला. त्यालाही वाटत होतं, हा कागद आहे तोवर पोर आपली नाही. म्हणून तो पोरीवर न झेपावता कागदावर झेपावला.

लगदा कुटायचा हातोडा म्हणजे दहा हात लांब ओंडका. शेपटावर पाय दिला की पुढचं जड डोकं वर उठतं, पाय काढला की खालच्या खड्ड्यात आदळतं. दोघे भाऊ एकमेकांचे गळे आवळत त्या शेपटावरच कोसळले; हातोड्याचं डोकं वर गेलं आणि अधांतरी राहिलं. मेहबूबचा चेहरा काळानिळा पडला होता. अन्सारच्या हातात अजून सुरी होती. चिठ्ठी सुटून जमिनीवर पडली होती, रक्ताचे थेंब झेलत.

साबेरानं ताजबीला बाजूला केलं. चिठ्ठी उचलली. एवढं एकच तर तिच्या नावाचं होतं जगात... वाकून तिनं ती खड्ड्यातल्या ओल्या लगद्यात दाबली.

“घ्या,” ती म्हणाली. “कागुद गेला. आता कशापायी मारताय एकमेकाला?”

दोघांनी मान वळवून पाहिलं. पाहताना शेपटावरून घरंगळले. हातोडा खाली आला. साबेराचा हात अजून खड्ड्यातच होता.

ती ओरडली नाही. ओरडली ती ताजबी, “अम्मा!” म्हणून, आणि सख्ख्या बापाच्या पायांवरून धावत जाऊन तिला बिलगली. तीन बोटं गेली होती. अन्सारनं आपला कराचीचा सदरा टराटरा फाडून भाबीचा हात बांधला. बांधता बांधता त्याच्या तुटक्या दातांतून हुंदका फुटला.

“तुमचीच हाय, भाबी. मी नूरजहाँला सांगतो, जगली न्हाई म्हून.”

“असं वंगाळ बोलू नगा,” साबेरा कशीबशी म्हणाली. “न्या तिला. तिची आई बंदरावर बसतीया.”

तो नको म्हणाला, ती न्या म्हणाली. अर्धा कान धरून मेहबूबही रडू लागला, आणि त्यागाची अशी चढाओढ लागली की सारा मोहल्ला दारात डोळे पुसत उभा राहिला.

आरडाओरडा ऐकून धर्माजी वकील आले. त्यांनी आधी गावातल्या डॉक्टरांना बोलावणं धाडलं. मग, कागदपत्रं तरी पाहावीत म्हणून, अन्सारचा पासपोर्ट मागून घेतला आणि शांतपणे चाळला.

त्यात मुलीचं नाव नव्हतं. मुलगी हिंदुस्थानची नागरिक होती, आणि तिच्या पासपोर्टासाठी कुणी अर्जच केला नव्हता. त्याशिवाय कराचीची कुठलीच बोट तिला घेणार नव्हती.