भिंगरीचं वजन

"धरा! अहो, धरा तिला!"

टेलरबाईच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे ही हाक फक्त तिच्या मनातच उमटली. बाहेर आलं ते नुसतं "उंऽऽ उंऽऽ!" एका हातात कात्री, कानामागे खडू आणि रिमझिम पावसात चपलांचा फटफट आवाज करत ती रस्त्यावर आली, तोवर तिची कुत्री गल्लीचं वळण गाठून होती. कुत्रीच्या तोंडात मोजपट्टीचं एक टोक होतं, दुसरं टोक ओल्या फरशीवर फरफटत होतं.

वळणावर एक तरुण उभा होता. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात ताजा पाव. कुत्रीने त्याच्याभोवती एक फेरी घातली, मग दुसरी, मग उलटी तिसरी... आणि बघता बघता मोजपट्टीने त्याचे दोन्ही पाय एकत्र बांधून टाकले. छत्री गेली नाल्याकडे, पाव गेला चिखलात, आणि तो मात्र कसाबसा खांबाला धरून उभा राहिला.

टेलरबाईने टाचण्या हातात घेतल्या. "माफ करा हं. लागलं का?"

"मला नाही. पण माप कुणाचं घ्यायचं होतं? माझं?"

"तुमचं नाही. सुटा आधी."

"बांधलंय तुमच्या कुत्रीने, आणि सुटा म्हणता मला!"

ती खाली बसून गुंता सोडवू लागली. हसू दाबायचं म्हणून मान वर करत नव्हती. तो मात्र हसत नव्हता. तो कुत्रीकडे एकटक बघत होता.

"एक विचारू? समोर गरम पाव पडलाय, आणि हिने साधा हुंगलाही नाही. अशी कुत्री मी पहिल्यांदा बघतोय."

"तिला वेळ कुठाय? नाव भिंगरी आहे तिचं."

"नाव बरोबर ठेवलंय. पण बरगड्या मोजता येतायत हो." त्याने छत्री उचलली. "परवापासून कोपऱ्यावरच्या जनावरांच्या दवाखान्यात बसतोय मी. घेऊन या तिला."

तो गेला. टेलरबाई मोजपट्टी गुंडाळत उभी राहिली. पावसात उभं राहायचं काही कारण नव्हतं, तरी राहिली.

*

भिंगरी तिच्याकडे आली होती ती हाडांची मोळी होऊन. बाजारातल्या गाड्यांखाली राहायची; एका थंडीत दुकानाच्या पायरीवर येऊन बसली आणि उठलीच नाही. टेलरबाईच्या घरात माणसं दोनच, ती आणि तिची आत्या. आईवडील गेल्यावर आत्यानेच तिला वाढवलं, मशीनवर बसवलं, काज करायला शिकवलं. भिंगरीला बघून आत्या एवढंच म्हणाली, "देव दारात पाठवतो तेव्हा पत्ता विचारून पाठवतो गं. आत घे."

आत घेतली, पण अंगाला काही लागेना. खायची दोन घास आणि सुटायची. या टेबलाखालून त्या कपाटाकडे, तिथून दाराकडे, पुन्हा टेबलाखाली. पाय जमिनीवर ठरत नसे.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात त्या तरुण डॉक्टरने तिला तपासलं तेव्हा पोटाखाली एका जागी त्याची बोटं थांबली. चेहऱ्यावरची थट्टा गेली.

"इथे गाठ आहे. आज वाईट नाही, पण वाढली तर होईल. काढायला हवी."

"मग काढा ना!"

"आत्ता नाही. इतक्या अशक्त जिवाला बेशुद्ध करायला माझा हात धजणार नाही. आधी अंगावर मांस चढू दे." तो जरा थांबला. "आणि फार उशीरही नको."

टेलरबाईने भिंगरीच्या कानावरून हात फिरवला. या कुत्रीवाचून दुकान कसं वाटेल, हा विचार मनात आला आणि तिने तो तसाच दाबून टाकला.

आता वजन करायचं. काटा होता मोठा, जमिनीवरचा, पण त्याच्यावर भिंगरी क्षणभर टिकेल तर शपथ! शेवटी डॉक्टरने तिला उचलून छातीशी धरलं आणि स्वतःच काट्यावर चढला.

"आता यातून सत्तर वजा. सत्तर मी."

"नक्की?"

"कॉलेजात होतो तेव्हापासून सत्तर. घड्याळ पुढेमागे होईल, मी नाही. आली अकरा. हिची चौदा व्हायला हवीत, टेलरबाई."

मग दर आठवड्याचा पायंडा पडला. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की टेलरबाई भिंगरीला घेऊन निघायची. डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे उकडलेलं अंडं, मऊ शिजवलेला भोपळा, कोंबडीचं मांस, वर चमचाभर तेल, सगळं दिवसातून चार वेळा थोडं थोडं. आधी जंताचं औषधही झालं. आणि आत्या? आत्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तो डॉक्टर जेवतो कुठे?"

"मला काय माहीत?"

"माहीत नाही म्हणतेस आणि कान लाल झालेत. हा डबा ने. बदामाची बिस्किटं आहेत. कुत्रीला नको देऊ, त्याला दे."

तेव्हापासून दोन डबे जाऊ लागले. भिंगरीच्या डब्याकडे भिंगरी जाता जाता बघायची. डॉक्टर मात्र आपला डबा तळापर्यंत पुसून परत करायचा.

"आत्यांना सांगा, त्यांच्या हाताला देवाने चव दिलीय."

"तुम्हीच सांगा येऊन."

"येईन की. बोलवा तर खरं."

"दवाखाना सोडून?"

"दवाखाना बंद झाल्यावर... तुमचं दुकान तेव्हाही उघडं असतं, बघितलंय मी."

"का बघता?"

"रस्त्यात लागतं ना..."

"तुमची खोली तर पलीकडच्या बाजूला आहे म्हणे!"

डॉक्टर यावर बिस्किट खाऊ लागला. तोंड भरलेलं असलं की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही.

आणि देवाची करणी बघा, काट्यावरचा आकडा वाढू लागला. बारा झाली. तेरा झाली. प्रत्येक वेळी डॉक्टर भिंगरीला छातीशी धरून काट्यावर उभा राही, भिंगरी त्याची हनुवटी चाटे, तो सत्तर वजा करी आणि टेलरबाईकडे बघून हसे. ती आकडा विसरे आणि हसणं घेऊन घरी येई. चौदा झाली त्या दिवशी त्याने शस्त्रक्रियेचा दिवस ठरवून टाकला. पुढचा सोमवार.

*

आदल्या शनिवारी डॉक्टर दुकानात आला. हातात कागदात गुंडाळलेली पँट होती आणि चेहरा चोरासारखा.

"ही जरा सैल करायची होती. धुताना आटली वाटतं."

टेलरबाईने पँट उलटी करून बघितली. कापड चांगलं मुरलेलं; आटायचे त्याचे दिवस केव्हाच संपले होते. "शिवणाऱ्याने आत माया भरपूर ठेवलीय, सोडायला कापड आहे. काळजी नको. सरळ उभे राहा, माप घेते."

मोजपट्टी तीच होती. एका टोकाला भिंगरीच्या दातांच्या खुणा होत्या. ती त्याच्या कमरेमागून फिरवताना तिला फार जवळ जावं लागलं. त्याच्या सदऱ्याला साबणाचा वास होता, आणि किंचित बदामाचा. तो श्वास धरून उभा होता.

"श्वास सोडा."

"सोडला तर माप चुकेल."

"धरलात तर चुकेल. सोडा."

त्याने सोडला. पट्टी तिच्या बोटांतून सरकली... सरकतच राहिली. तिने आकडा बघितला. मग पँटच्या पट्ट्याचा आकडा बघितला. कुणाची कंबर कशी आणि कधी वाढते हे तिला रोजच्या कामाने पाठ झालं होतं. इतकं कापड काही उगीच लागत नाही.

"डॉक्टर," ती हळूच म्हणाली, "तुमचं वजन किती?"

"सत्तर."

"कधी केलं होतंत?"

"अगं, कॉलेजात..." तो थांबला. 'अगं' निसटलं होतं, पण दोघांचंही लक्ष तिकडे नव्हतं. त्याचा रंग उतरत गेला.

"वाढलंय ते तुमचं," टेलरबाई म्हणाली. "भिंगरीचं नाही. बिस्किटं तुम्ही खाल्लीत, आणि आकडे तिच्या नावावर चढले!"

दोघं जवळजवळ धावतच दवाखान्यात गेले. डॉक्टर एकटा काट्यावर उभा राहिला. त्र्याहत्तर. मग भिंगरीला घेऊन. वजा केलं तर... भिंगरी होती तिथेच होती. तीच अकरा.

डॉक्टर काट्यावरून खाली उतरला. तो बोलला तेव्हा आवाज खाली गेलेला होता. "बेशुद्ध करायचं औषध वजनावर ठरतं. सोमवारी मी तिला चौदाच्या हिशेबाने दिलं असतं."

"म्हणजे...?"

"म्हणजे ती कदाचित उठली नसती."

टेलरबाईने भिंगरीला त्याच्या हातातून काढून घेतलं. "हाताला बरगड्या लागत नव्हत्या तुमच्या? दर आठवड्याला छातीशी धरत होतात ना!"

"लागत होत्या." त्याने मान खाली घातली. "पण काटा सांगत होता ते मला खरं व्हायला हवं होतं. आणि डोळे... डोळे कुत्रीकडे नव्हतेच माझे."

कुठे होते हे विचारायची गरज नव्हती. टेलरबाई भिंगरीला घेऊन निघाली. घरी आल्यावर आत्याने विचारलं तेव्हा ती रडली, आणि सगळं सांगितलं. आत्याने पदराने तिचे डोळे पुसले आणि म्हणाली, "चूक त्याची आहे. पण चूक कळल्यावर ती झाकायला त्याला जागा होती की नाही? आपणहूनच उघडी केली ना त्याने तुझ्यासमोर? मग आता रडू नको. कुत्रीला खायला घाल."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर दुकानाच्या पायरीवर उभा होता. हातात डबा नव्हता, चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"शस्त्रक्रिया पुढे ढकललीय. आज मला फक्त बसू द्या. मी तिला बघणार आहे. कुत्रीलाच," तो घाईने म्हणाला.

"बसा," टेलरबाई म्हणाली. नजर कापडावरच.

तो कोपऱ्यात स्टुलावर बसून राहिला. टेलरबाईने भिंगरीला वाढलं, नेहमीसारखं वाटी ठेवून मशीनवर बसली आणि पायडल मारलं. मशीन घरघरलं. भिंगरी दोन घास खाऊन सुटली. टेबलाखालून, कपाटाकडून, दाराशी. दोरा तुटला, मशीन थांबलं. भिंगरीही थांबली. दोरा ओवला, मशीन सुरू, भिंगरी सुरू.

"पुन्हा थांबवा," डॉक्टर म्हणाला.

तिने थांबवलं. भिंगरी उभी राहिली, कान टवकारून.

"चालवा."

भिंगरी धावली.

टेलरबाईचे पाय पायडलवर तसेच राहिले. "अरे देवा. मी हिला वाढते आणि लगेच मशीनवर बसते. म्हटलं ती खाईल तोवर एक शिवण होईल..."

"ती तुमच्या मशीनबरोबर पळते हो! गाड्यांखाली राहिलेली ना ती. चाकाचा आवाज आला की पळायचं, एवढंच शिकलीय. खाल्लेलं अंगी लागायला जरा अंग टेकावं लागतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा तो असा. त्या दिवसापासून नेम ठरला: भिंगरीच्या प्रत्येक जेवणाला मशीन बंद. आधी तिला गल्लीतून सावकाश, हुंगत हुंगत फिरवून आणायचं, मग वाटी, आणि मग ती झोपेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं.

सगळ्यांनी, म्हणजे डॉक्टरनेही. संध्याकाळची वाटी त्याच्या वाटणीला आली होती. तो आला की टेलरबाई पायडलवरून पाय काढायची. दोघं फरशीवर भिंतीला टेकून बसत, मध्ये भिंगरी. आत्या आतल्या खोलीत हळू आवाजात देवाचं काहीतरी गुणगुणत असे. सुरुवातीचे दिवस भिंगरी कान हलवत राही. मग एक दिवस तिने टेलरबाईच्या पायावर डोकं ठेवलं, आणि शेपटीची बाजू डॉक्टरच्या मांडीवर, आणि झोपली.

"हलू नका," टेलरबाई पुटपुटली.

"पायाला मुंग्या आल्यायत."

"येऊ द्या."

"एक सांगू? हळूच सांगतो..."

"नको. आधी गाठ निघू दे. मग सांगा."

पण हात भिंगरीच्या पाठीवर होता तिचा, आणि त्याचाही. बरगड्यांवर आता खरंच मऊ काहीतरी चढत होतं, आणि या वेळी दोघांचेही हात ते तपासत होते.

*

शस्त्रक्रियेच्या दिवशी डॉक्टरने आधी स्वतःला मोजलं, मग भिंगरीला घेऊन, मग पुन्हा स्वतःला. मग दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना बोलावून त्यांच्याकडून सगळं तपासून घेतलं. "हसा मला," तो म्हणाला. त्या हसल्या नाहीत. चौदा बरोबर आहेत म्हणाल्या.

टेलरबाई बाहेरच्या बाकावर बसली. हातात कापड होतं, पण टाका एकही पडला नाही. आत्या शेजारी डोळे मिटून बसलेली. दार उघडलं तेव्हा डॉक्टरच्या कपाळावर घाम होता.

"निघाली. सगळी निघाली. आणि उठलीय ती, जीभ बाहेर काढून बघतेय... टेलरबाई, रडू नका ना."

"मी कुठे रडतेय?"

"मग हे काय?"

"तुम्हाला काय करायचंय?"

आत्याने डोळे न उघडता म्हटलं, "मी झोपलेय. बोला तुम्ही."

*

टाके निघाले त्या दिवशी भिंगरी पुन्हा भिंगरी झाली होती. काट्यावर उभी राहीना, डॉक्टरच्या हातात थांबेना. टेलरबाईने पुढे होऊन तिचा पुढचा भाग धरला, मागचा त्याने, तेव्हा कुठे ती शांत झाली. तसेच दोघं काट्यावर चढले. जागा थोडी होती, त्यामुळे अगदी लागून उभं राहावं लागलं.

काटा हलला, डोलला आणि थांबला.

"आता यातून सत्तर वजा?" तिने विचारलं.

"एकाहत्तर. सकाळीच करून आलोय. आणि तुझं?"

"माझं वजन सांगणार नाही मी."

"मग हिचं कसं कळणार?"

भिंगरीच्या डोक्यावरून तिने त्याच्याकडे बघितलं. त्या दिवशी पाठ फिरवून गेलेली ती नजर आता कुठेही जायला तयार नव्हती.

"ते हळूच सांगायचं होतं ना काहीतरी," ती म्हणाली. "गाठ निघाली आता."

त्याने सांगितलं. हळूच सांगितलं, इतकं हळू की दारात डबा घेऊन उभ्या असलेल्या आत्याला काही ऐकू आलं नाही. तिला फक्त पोरीचे लाल झालेले कान दिसले, आणि तेवढं पुरे होतं.

"मलाही," टेलरबाई म्हणाली. "केव्हापासून... ते नको विचारूस."

"बरं. मग आता वजा कुणाला करायचं?"

"कुणालाच नाही," ती म्हणाली. "राहू दे तिघांचं एकत्र."